लाकडी दस्त्याचा मोह

अमेरिकेतील बंदूकशौकिनांचा एक वर्ग मागे वळून पाहू लागला आहे. दुर्बिणी आणि टॉर्च लटकवलेल्या आधुनिक रायफलींपेक्षा त्याला व्हिएतनाम युद्धातील 'एम-१६ए१'चे साधे रूप अधिक भावते. 'ब्राउनेल्स' कंपनीने २०१८ मध्ये अशा अर्धस्वयंचलित प्रतिकृतींची मालिकाच विक्रीस आणली. दुसऱ्या महायुद्धातील लाकडी 'एम-१ गॅरंड'ची मोहिनी तर कधी ओसरलीच नाही.

हा निव्वळ स्मरणरंजनाचा छंद असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु रूपाची ही भुरळ कायदेमंडळालाही पडते. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन बसवण्याची सोय अशा बाह्य लक्षणांवरून रायफली निषिद्ध ठरवल्या. त्याच कायद्याच्या सवलतीच्या यादीत पारंपरिक दस्त्याची 'रुगर मिनी-१४' नावानिशी होती! वस्तुतः तीही 'एआर-१५'च्याच जातीचे काडतूस, चापाच्या प्रत्येक ओढीला एक, याच गतीने झाडते. माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९८९ मध्ये १४ महिलांचा बळी गेला, तेव्हा मारेकऱ्याच्या हाती मिनी-१४ होती.

कॅनडाने २०२० मध्ये दोन्हींवर एकाच आदेशाने बंदी घातली. अमेरिकेचा केंद्रीय कायदा २००४ मध्येच मुदत संपून लयास गेला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मात्र अजूनही मुठीच्या आणि दस्त्याच्या आकारावरच बरेच काही ठरते.