मार्च आला, देणगीदार आठवला

मार्च लागला की माझ्या फोनवर सेवाभावी संस्थांचं प्रेम उतू जातं. ‘करबचतीची शेवटची संधी’, ‘फक्त चार दिवस उरले’, मग रडणाऱ्या मुलाचा फोटो, मग क्यूआर कोड. एक एप्रिलला सगळं चिडीचूप. पुढची आठवण थेट पुढच्या मार्चमध्ये. आणि हेच लोक परिसंवादात विचारतात, तरुण एकदा देतात, पुन्हा का देत नाहीत?

कारण दिल्यानंतर तुम्ही त्यांच्याशी बोलतच नाही.

करबचतीचं आमिष तर आता शिळं झालंय. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८० जीची वजावट मिळत नाही. माझ्या टीममध्ये बहुतेकांनी तीच ठेवली आहे. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही वर्षातून एकदा दार वाजवता, ते कारणच आमच्याकडे उरलेलं नाही.

दाते टिकवायचे कसे, हे शिकायला अमेरिकेतल्या वेबिनारला बसायची गरज नाही. तिथेही निम्म्याहून जास्त दाते पुढच्या वर्षी परत येत नाहीत. त्यापेक्षा आमच्या सोलापूर जिल्ह्यात या. आपल्याकडे कित्येक देवस्थानांत कायम ठेवीची पद्धत आहे: एकदा रक्कम द्यायची, तिच्या व्याजातून दरवर्षी तुमच्या तिथीला अन्नदान किंवा अभिषेक होतो, प्रसाद टपालाने घरी येतो. आजोबांनी लावलेली तिथी नातू सांभाळतो. अक्कलकोटला स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ पासून भक्तांच्या देणग्यांवर रोज पंगती उठवतंय. वारीच्या वाटेवर नातेपुते, माळशिरस, वेळापूर भागात कुठली दिंडी कुणाच्या दारी जेवणार, हे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यांना कुणी ‘शेवटचे चार दिवस’ असा मेसेज पाठवत नाही. त्यांना आपला दिवस माहीत असतो, आपलं काम माहीत असतं आणि पान वाढलेलं डोळ्यांनी दिसतं.

‘देवाचं वेगळं, तिथे पुण्य मिळतं’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. मग त्याच पंढरपुरातला बालकाश्रम बघा. टाकून दिलेल्या मुलांसाठी, तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तो १८७५ मध्ये सुरू झाला. पुढे मूर्तिपूजा न मानणाऱ्या प्रार्थना समाजाने तो चालवला आणि दीडशे वर्षांनंतरही तो उभा आहे. किंवा अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड घ्या. माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे कुठलं पुण्य होतं? रक्कम खिशाला झेपणारी होती, दर वर्षाची होती आणि तिचं काय झालं ते तळेगावला जाऊन बघता येत होतं.

आता आजचं बघू. ‘लोकसत्ता’ २०११ पासून दर गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. उपक्रम उत्तमच. पण पुढच्या वर्षी पाळी नव्या दहा संस्थांची असते. आधीच्या संस्थेच्या कपाटात उरते ती दात्यांची यादी. त्या यादीतल्या किती जणांना सहा महिन्यांनी एक पोस्टकार्ड जातं? वर्तमानपत्राने ओळख करून दिली, ओळख ठेवायचं काम संस्थेचंच.

आमच्या धंद्यातले लोक यावर सॉफ्टवेअर विकतात. मीही सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून सांगतो, त्याने एवढंच कळेल की दाता गेला. का गेला ते फोन केल्यावरच कळतं. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप हप्त्यांचे नियम बदलले, तेव्हा अनेकांच्या मासिक देणग्या त्यांनी न सांगताच थांबल्या. माझं कार्ड बदललं तेव्हाही एका संस्थेचा हप्ता असाच बंद पडला. आठ महिने कुणी विचारलं नाही. नवव्या महिन्यात मेसेज आला: ‘आमच्या परिवारात सामील व्हा!’ अहो, मी तीन वर्षं परिवारातच होतो.

‘फोन करायला माणसं कुठून आणायची?’ हा संस्थांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो तुम्हा-आम्हा दात्यांच्या अंगावर येतो. ‘माझे पैसे थेट मुलांपर्यंत जाऊ देत, पगारात नकोत’, असं ऐटीत सांगणारे आपल्यातच आहेत. स्वतःला दर वर्षी पगारवाढ हवी आणि संस्थेतल्या कार्यकर्त्याने हवा खाऊन हिशेब लिहायचा? ज्याला दोनशे रुपयांचाही हिशेब हवा, त्याने हिशेबनिसाच्या पगारातला वाटा उचलायला हवा.

संस्थांनो, दात्याला एक तिथी द्या. वाढदिवस असो, आईचं वर्षश्राद्ध असो, त्या दिवशीचं जेवण किंवा त्या महिन्याची औषधं त्याच्या नावावर लावा. यूपीआय ऑटोपेवर महिना शंभर रुपये मागा, लाजू नका. हप्ता अडकला तर त्याच आठवड्यात फोन करा. वर्ष वाईट गेलं असेल, शिक्षक सोडून गेला असेल, गाडी बंद पडली असेल तर तेही कळवा. हसरे फोटो वर्षभर बघून माणूस कंटाळतो, अडचण कळली तर हात पुढे करतो.

आणि येत्या मार्चमध्ये मला मेसेज नकोच. आषाढात पालखी आमच्या जिल्ह्यात शिरते, तेव्हा फोन करा. काही मागू नका. गेल्या वर्षी दिलेल्या पैशांचं काय झालं, एवढंच सांगा.