वाचक मेला म्हणे!

वाचक मेला, अशी बोंब चाललीय. मासिकं बंद पडली, आवृत्त्या आटल्या. संमेलनात दरसाल हाच ऊर बडवणं. बडवू द्या. दोस्तहो, 6 डिसेंबरला दादरला जाऊन बघा. विदर्भ-मराठवाड्यातनं रेल्वेत उभ्यानं आलेला माणूस जेवणाचे पैसे वाचवून पुस्तकं घेतो. पिशवी भरून घेतो. हा वाचक यांच्या मोजमापात होताच कधी?

पण माझा राग त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे.

1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं. त्यांनी ते स्वतः छापलं, 1500 प्रती. दोन महिन्यांत संपल्या. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने एकट्यानं भरले. छापखानाही आपलाच उभा केला. का? दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द त्याच्या मर्जीनं निघतो म्हणून.

आणि आज? मोठ्या इंग्रजी प्रकाशनाचं पत्र आलं की आमचा विद्रोही कवी पाघळला. अरे, मी मिलमध्ये राबतो, मालक काय चीज असते मला सांगू नका. अॅमेझॉननं वेस्टलँड ही प्रकाशन कंपनी विकत घेतली आणि 2022 च्या फेब्रुवारीत बंद करतो म्हणून जाहीर केलं. लेखक लटकले. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीनं ती पुन्हा उभी केली, हेही खरं. पण लेखकाला कोणी विचारलं? टाळेबंदीत कामगाराला विचारतात, तेवढंच.

2017 पासून बाबासाहेबांचं लिखाण कॉपीराइटमधनं सुटलं. कुणीही छापावं. कुणीही म्हणजे कुणीही, वगळून, वाकवून, वर स्वतःची प्रस्तावना लादून. सरकारी खंडांची रखडपट्टी तर 2021 साली हायकोर्टानं आपणहून हातात घेतली. मग आपण काय छापतो?

मोबाइल आहे म्हणता. फुकटची पीडीएफ 'जय भीम' लिहून पुढं ढकलायची, आणि ज्यानं रात्री जागून अंक काढला त्याची वर्गणी दोन-दोन वर्षं थकवायची! त्या मोबाइलवरचं पानही परक्या मालकाचंच. त्यानं पुसलं की पुसलं. कागदाचा अंक निदान पत्र्याखाली ट्रंकेत राहतो, पोरं मोठी झाली की काढून वाचतात.

माझा पगार 10 तारखेला होतो. माझी वर्गणी त्याच दिवशी भरीन, आणि पाळी सुटली की तुमच्या दारी येईन. पावतीपुस्तक बरोबर असेल. चहा नको.