तारण ठेवलेले नायक

बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, तरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणण्याची माझी सवय सुटलेली नाही. मोबाइलवर सगळे दिसते, असे मुलगा सांगतो. पण छापील नोंदीवर पेन्सिलीने खूण केल्याशिवाय मला हिशेब लागल्यासारखा वाटत नाही. गेल्या जूनमध्ये असाच पासबुक घेऊन बसलो आणि मे महिन्यातल्या अकरा नोंदींवर पेन्सिल अडली. ८९ रुपयांच्या सहा, १५९च्या तीन आणि ४४९च्या दोन. एकूण १,९०९ रुपये.

अकरा वर्षांचा नातू सुट्टीसाठी सांगलीला आमच्याकडेच होता. त्याला हाक मारली, तर तो चेहऱ्यावरूनच कबूल झाला. माझा फोन घेऊन त्याने एका खेळात 'हिरे' विकत घेतले होते. त्या हिऱ्यांनी पेट्या उघडल्या होत्या आणि त्यांपैकी एखाद्या पेटीत त्याच्या आवडत्या सिनेमातल्या नायकाचा पोशाख निघण्याची शक्यता होती. पिन कसा कळला, हे विचारण्यात अर्थच नव्हता. पिन म्हणजे त्याचेच जन्मवर्ष! पस्तीस वर्षे खातेदारांना सोपा पिन ठेवू नका म्हणून बजावणाऱ्या माणसाचे हे कर्तृत्व.

"मग, मिळाला का पोशाख?" मी विचारले.

"नाही आबा. पण दोनदा अगदी जवळ आला होता."

रागवायचे ठरवून बसलेला मी त्या 'जवळ' शब्दापाशी थबकलो. हा शब्द मी कर्जाच्या टेबलावर बसून पूर्वी ऐकला होता. मटक्यात बुडालेली माणसे हेच सांगत. आकडा एकाने हुकला, साहेब. हुकलेला आकडा त्यांना हरल्याची नव्हे, जिंकत आल्याची खूण वाटे. पण ती माणसे चाळिशीची असत आणि मटक्याचा अड्डा गल्लीच्या टोकाला, आडोशाला असे. इथे मुलगा अकरा वर्षांचा होता आणि अड्डा माझ्याच उशाशी चार्जिंगला लावलेला होता.

मुलाला दोष देऊन हा विषय संपत नाही. या सिनेमांचा आणि खेळांचा व्यवहार मी बँकवाल्याच्या नजरेने पाहू लागलो, तेव्हा मला जुन्या ओळखीचा एक शब्द भेटला. तारण.

अमेरिकेतल्या मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीने १९९६च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. स्पायडरमॅन, एक्स-मेन अशा बिनीच्या नायकांचे सिनेमाहक्क दुसऱ्या स्टुडिओंकडे गेले. २००५मध्ये या कंपनीने स्वतःच सिनेमे काढायचे ठरवले आणि मेरिल लिंचमार्फत ५२ कोटी ५० लाख डॉलरची कर्जसुविधा मिळवली. तारण काय दिले? जमीन नाही, यंत्रे नाहीत. कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, अँट-मॅन अशा दहा नायकांचे आणि नायकसंघांचे सिनेमाहक्क. मी घरे, सोने, उसाचे पीक तारण घेतले. शूर माणसे तारण ठेवता येतात, हे मला नोकरीत कुणी सांगितले नव्हते.

व्यवहार म्हणून तो उत्तम ठरला. २००८मध्ये 'आयर्न मॅन' आला आणि चालला. २००९मध्ये डिस्नेने ही कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. २०१९चा 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' हा त्या मालिकेतला बाविसावा सिनेमा, त्याने जगभरात जवळजवळ दोन अब्ज ८० कोटी डॉलरचा गल्ला केला.

पण कादंबरीकार म्हणून माझी शंका वेगळी आहे. तारणाचा एक नियम असतो. तारण ठेवलेली वस्तू जपावी लागते, ती नष्ट होऊ देता येत नाही. आणि गोष्टीचा नियम नेमका उलटा आहे. गोष्ट संपावी लागते. नायकाने काही कायमचे गमावले, तरच वाचकाच्या पदरात काही पडते. 'एंडगेम'मध्ये टोनी स्टार्क मेला, तेव्हा थिएटरात माझ्या शेजारी बसलेला माझा तिशीतला मुलगा डोळे पुसत होता. खोटे कशाला सांगू, माझाही चष्मा धुरकटला होता. तो शेवट होता आणि चांगला शेवट होता. पुढे २०२४च्या जुलैत जाहीर झाले, की तोच नट, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, आता खलनायक होऊन परत येणार. २०२३चा 'द मार्व्हल्स' जेमतेम २० कोटी डॉलरवर थांबला होता. प्रेक्षक कंटाळले की नवे काही रचण्याऐवजी मोडलेली ठेव पुन्हा चालू करायची, असाच हा प्रकार वाटतो.

यावर कुणी म्हणेल, मालिका काय आजच निघाल्या? बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर घरातलाच होता. 'चांदोबा'त विक्रम आणि वेताळ वर्षानुवर्षे चालले. वेताळ परत झाडावर जाई, हे खरे. पण त्या महिन्याची गोष्ट त्या महिन्यात संपे. शिवाय किंमत मुखपृष्ठावर छापलेली असे. पान उलटायला वेगळे पैसे पडत नसत.

मोबाइलवरचे खेळ आले आणि हे दोन्ही नियम एकदम मोडले. आत शिरायला तिकीट नाही. 'फुकट ते पौष्टिक' मानणाऱ्या आपल्या देशात याहून चांगले आमंत्रण कोणते? मात्र आत गेल्यावर वाट पाहणे टाळायला पैसे, हरल्यावर पुन्हा उठायला पैसे, मित्रांपेक्षा वेगळे दिसायला पैसे. तेही थेट पैशांत नाही. आधी रुपयांचे हिरे घ्यायचे. बँकेत पूर्वी चेक दिला की पितळी टोकन मिळे, पण टोकन परत केले की रोकड हातात येई. हिऱ्यांचे रुपये होत नाहीत. हा विनिमय एकाच बाजूने चालतो. त्यातून हिऱ्यांचे पुडके अशा मापाचे असते, की खरेदीनंतर थोडे हिरे उरतात आणि पुढच्या पेटीला थोडे कमी पडतात. उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा ८९ रुपये.

आमच्या भागात पिग्मी एजंट रोज भाजीवालीकडून दहा-वीस रुपये गोळा करत. थेंबे थेंबे तळे साचे. वर्षअखेर तिला व्याजासह रक्कम मिळे आणि त्यातून मुलीची फी भरली जाई. ही नवी पिग्मीही थेंबाथेंबानेच चालते. फरक इतकाच, की तळे दुसऱ्याच्या शेतात साचते आणि मुदत कधीच पुरी होत नाही.

सिनेमा आणि खेळ ही दोन दुकानेही आता वेगळी राहिलेली नाहीत. २०१८मध्ये मार्व्हलचा खलनायक थानोस 'फोर्टनाइट' या खेळात अवतरला. २०२४मध्ये डिस्नेने त्या खेळाच्या कंपनीत, एपिक गेम्समध्ये, दीड अब्ज डॉलर गुंतवत असल्याचे जाहीर केले. याच एपिकला, मुलांकडून आणि बेसावध ग्राहकांकडून नको ती खरेदी करवून घेतल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०२२मध्ये तडजोड करावी लागली होती आणि परताव्यापोटी २४ कोटी ५० लाख डॉलर मोजणे मान्य करावे लागले होते.

बंद पेटी विकण्याची कल्पनाही नवी नाही. १९७७मध्ये 'स्टार वॉर्स' गाजला आणि नाताळापर्यंत खेळणी तयार होईनात, तेव्हा केनर कंपनीने खेळण्यांऐवजी पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत फक्त चार बाहुल्यांचे वचनपत्र होते. पण ते कबूल केलेले होते आणि बाहुल्या पुढच्या वर्षी पोस्टाने आल्याही. आजची पेटी काहीच कबूल करत नाही. बेल्जियमने २०१८मध्ये काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगार ठरवले, ते उगाच नाही. आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आली. स्वागतच आहे. पण कायद्याचा मुख्य रोख पैसे जिंकण्याच्या आशेवर आहे. माझ्या नातवाला पैसे नको होते, पोशाख हवा होता. ती आशा कायद्याच्या हाती सहजी लागणारी नाही. ती घरातच हाताळावी लागेल.

या खेळांत आनंद नाही, असे मी म्हणणार नाही. पुण्यातले त्याचे मित्र संध्याकाळी त्या खेळात भेटतात. बहुतेक मुले एक पैसाही न देता खेळतात आणि थोड्यांच्या खिशावर सगळा डोलारा उभा राहतो. फोन काढून घेतला असता, तर मी पैशांबरोबर त्याचे मित्रही काढून घेतले असते. म्हणून पिन बदलला आणि त्याला एक कोरी वही दिली. तारीख, रुपये, हिरे, काय मिळाले, असे चार रकाने आखले. पासबुक समोर ठेवून अकराही नोंदी त्यानेच लिहिल्या. चौथ्या रकान्यात टोप्या, बंदुकीचे रंग असे काहीबाही येत गेले. एकदाही पोशाख नाही. तो काही बोलला नाही, पण अक्षर खाली खाली बारीक होत गेले.

शेवटी मी त्याला शिल्लक काढायला सांगितली. खेळ उघडून त्याने पाहिले आणि लिहिले : शिल्लक ४० हिरे.

"आबा, एका पेटीला साठ लागतात," तो म्हणाला. मग थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. "हे चाळीस तुमच्या बँकेत भरता येतील का?"

पस्तीस वर्षांत मला काउंटरवर अनेक अवघड प्रश्न विचारले गेले. इतक्या आशेने विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणण्याची वेळ मात्र क्वचितच आली होती.