दोन दारांचे दुकान

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये आलेला ग्राहक चप्पल विकत घेण्यापूर्वी काय काय करतो, हे न्याहाळण्यासारखे असते. तो ती हातात घेऊन वाकवून पाहतो, उलटी करून तळ तपासतो, कातड्याचा वास घेतो, पायात घालून चार पावले चालतो आणि मग 'जरा घट्ट होते' अशी तक्रार करतो. दुकानदार हसून म्हणतो, "घट्टच घ्या पाव्हणं, आठ दिवसांत पायाला बसतंय. सैल घेतलीसा तर महिन्यानं टाचेतनं निसटंल." ग्राहकाचे समाधान होते, भावात थोडी घासाघीस होते आणि व्यवहार पुरा होतो. या पाच मिनिटांत जी माहिती एकाकडून दुसऱ्याकडे गेली, ती कोठेही लिहिलेली नसते. ती दुकानदाराच्या जिभेवर आणि ग्राहकाच्या बोटांत असते.

हीच चप्पल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विक्रीला ठेवली, की यातले जवळजवळ सर्व नाहीसे होते. उरते ते एक छायाचित्र, मापाचा एक आकडा आणि किंमत. चार दिवसांनी चप्पल इंदूरला किंवा बडोद्याला पोहोचते. ग्राहक ती पायात घालतो, ती घट्ट होते, आणि 'आठ दिवसांत पायाला बसेल' हे सांगणारे तेथे कोणीच नसते. चप्पल परत येते. दुकानदार म्हणतो, 'ऑनलाईन धंद्यात काही अर्थ नाही.' वस्तुतः धंद्यात दोष नसतो. दुकानात जे काम हात आणि जीभ करीत होते, ते काम शब्दांवर सोपविण्याचे राहून गेलेले असते. छोट्या विक्रेत्याने जालावर विक्री करावी की नाही, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो ती विक्री कशी करावी, हा.

गेल्या काही वर्षांत परिस्थिती झपाट्याने पालटली आहे. २०१६ साली युपीआय सुरू झाले आणि पाहता पाहता भाजीवाल्याच्या हातगाडीवरही चौकोनी संकेतचित्र झळकू लागले. २०२० च्या टाळेबंदीत बंद दाराआडून व्हॉट्सॲपवर याद्या मागविण्याची सवय लोकांना लागली. २०२२ मध्ये ओएनडीसी या खुल्या जाळ्याचे प्रायोगिक काम काही शहरांत सुरू झाले; कोणा एका बड्या कंपनीच्या मंचावर अवलंबून न राहता छोट्या दुकानदारालाही ग्राहकापर्यंत पोहोचता यावे, हा त्यामागील हेतू होता. साधने आली. मात्र साधन हाती येणे आणि ते वापरण्याची रीत अंगवळणी पडणे, यांत अंतर असते.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण पुढे चालवू. ही चप्पल हाताने घडते. परंपरेने तिला खिळा मारीत नाहीत. चामड्याच्याच वादीने ती शिवतात. कातडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते, म्हणून त्याचा रंग एकसारखा नसतो आणि पाण्याने ते बिघडते. आता या प्रत्येक गोष्टीचा जालावरील विक्रीशी थेट संबंध आहे. रंग एकसारखा नसेल तर छायाचित्रातील आणि पेटीतील चप्पल तंतोतंत सारखी दिसणार नाही. हे आधीच लिहिले तर ते हातकामाचे लक्षण ठरते, न लिहिले तर ती फसवणूक वाटते. पावसात घालू नये, अधूनमधून तेल लावावे, पहिले काही दिवस थोडा वेळच घालावी, हे सांगणारी एक चिठ्ठी पेटीत ठेवण्यास खर्च जवळजवळ नाही. परंतु ती नसल्याने होणारी नाराजी बरीच महाग पडते.

मापाची गोष्ट तर त्याहून नाजूक आहे. हाताने घडविलेल्या दोन जोडांवर एकच आकडा असला, तरी त्यांच्यात किंचित फरक राहतो. अशा वेळी केवळ 'आठ नंबर' असे लिहिणे म्हणजे ग्राहकाला अंधारात उडी मारायला सांगण्यासारखे आहे. त्यापेक्षा त्या विशिष्ट जोडाची आतील लांबी आणि पंजाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहावी. पूर्वी परगावचा माणूस कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ ओढी आणि तो कागद कोल्हापूरला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती देई. ती युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. फरक इतकाच, की कागदाच्या शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र पाठवायचे. ज्याने ही एक सवय ग्राहकाला लावली, त्याच्या परत येणाऱ्या मालाचे ओझे निश्चित हलके होते. छायाचित्रेही दुकानातील पिवळ्या दिव्याखाली न काढता सकाळच्या उजेडात काढावीत, आणि त्यांत तळ, शिवण व वेणी ही तिन्ही दिसावीत. सुंदर दिसण्यापेक्षा खरे दिसणे येथे अधिक मोलाचे.

मालाचे परत येणे छोट्या विक्रेत्याला किती जाचते, याचा हिशेब फारसे कोणी मांडत नाही. समजा, कर बाजूला ठेवून, सहाशे रुपयांना घेतलेला जोड नऊशेला विकला. दुकानात तीनशे रुपये सुटले. तोच जोड एखाद्या मंचावर विकताना दलाली आणि पाठवणी मिळून १८० रुपये व पेटीचे २५ रुपये गेले, तर हाती ९५ उरतात. दहा जोड पाठविले आणि दोन परत आले, तर आठ जोडांवर ७६० रुपये मिळतात. परत आलेल्या प्रत्येक जोडामागे जाण्यायेण्याचे व पेटीचे १६० रुपये धरले, तर त्यांतून ३२० वजा होतात. परत आलेल्यांपैकी एक मळलेला निघाला आणि खरेदीच्या निम्म्या किमतीला काढावा लागला, तर आणखी तीनशे गेले. दहा जोडांच्या धावपळीतून शेवटी १४० रुपये उरले! आकडे ठिकाणागणिक बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही. जालावर आलेली मागणी पाहून हुरळून जाणाऱ्याने महिनाअखेरीस हा हिशेब एकदा मांडून पाहावा. विक्रीचा आकडा आणि नफ्याचा आकडा ही दोन सख्खी भावंडे नव्हेत.

यावर काही जण उपाय म्हणून किंमत आणखी उतरवितात. हा उपाय रोगाहून वाईट होय. बड्या मंचांशी सवलतीच्या स्पर्धेत छोटा दुकानदार टिकणे कठीण आहे, कारण तोटा सोसण्याइतके भांडवल त्याच्यापाशी नसते. शिवाय उतरलेली किंमत कोणाच्या तरी खिशातून जाते. चपलेच्या बाबतीत तो खिसा कारागिराचा असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या महाराष्ट्रातील आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातील जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन लाभले आहे. २०१९ मध्ये ते जाहीर झाले. अथणी, निपाणीकडील घराघरांतून स्त्रिया वेण्या विणतात, शिवण घालतात. त्यांची मजुरी कापून दिलेली सवलत ही सवलत नव्हे. रेक्झिनची यंत्रावर काढलेली चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून स्वस्तात विकणारेही आहेतच. त्यांच्याशी भावात झुंजण्यापेक्षा, आपली चप्पल कोणत्या कातड्याची, कोणत्या गावी घडलेली, हे दोन ओळींत लिहून योग्य दाम मागणे अधिक शहाणपणाचे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीशी मिळतीजुळती पादत्राणे मांडली आणि मूळ स्थानाचा उल्लेख नसल्याने भारतात टीका झाली. पुढे कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. वस्तूबरोबर तिचे गाव सांगणे का महत्त्वाचे, हे त्या प्रकरणात जगाला दिसले. गल्लीतल्या दुकानदाराने तरी ते गाव का झाकून ठेवावे?

एकाच मालाला दोन दारे असली, की आणखी एक घोटाळा ठरलेला असतो. सायंकाळी दुकानात शेवटचा जोड विकला जातो आणि रात्री त्याच जोडाची मागणी जालावरून येते. मग क्षमायाचना, पैसे परत करणे आणि ग्राहकाचा लेखी रोष. यावर महागडी संगणक प्रणाली घेण्याची गरज प्रारंभी नसते. जालावर ठेवलेला माल निराळ्या फळीवर ठेवावा, तो दुकानातील गिऱ्हाइकाला दिल्यास त्याच क्षणी पडद्यावरून काढावा, आणि प्रत्येक प्रकाराची आवक-जावक एकाच वहीत लिहावी. दुकानाची एक वही आणि ऑनलाईनची दुसरी, असा कारभार सुरू झाला की दोन्ही वह्या खोटे बोलू लागतात. मालही मोजकाच ठेवावा. दुकानात दोनशे प्रकार असले, तरी ज्यांची मापे व गुण नीट लिहिता येतील असे दहा-पंधरा प्रकार पडद्यावर पुरेत.

पैशाच्या व्यवहारात सावधगिरी हवी. 'पैसे पाठविले' असे सांगून भ्रमणध्वनीवरचे बनावट चित्र दाखविणारे भामटे बाजारात हिंडत असतात. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री झाल्यावाचून माल हातावेगळा करू नये. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. जो तो टाकायला सांगतो, तो ग्राहक नव्हे. दुकानाबाहेर लावलेल्या आपल्या संकेतचित्रावर दुसऱ्याच कोणाचे चिकटविलेले नाही ना, हे रोज सकाळी दुकान उघडताना पाहणे हेही आता केरवाऱ्याइतकेच आवश्यक झाले आहे. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही जुनी म्हण मात्र नव्या बाजारातही खोटी ठरलेली नाही; व्हॉट्सॲपवर 'पाठवा, नंतर देतो' म्हणणारा परगावचा ग्राहक ती पुन्हा पुन्हा खरी करून दाखवितो.

कायद्याकडे पाठ फिरवून हा व्यवसाय चालत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-वाणिज्य नियम विक्रेत्यालाही बांधतात. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यासही या नियमांनी मनाई केली आहे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना दिलासा मिळाला : उलाढाल ठरावीक मर्यादेत असल्यास आपल्या राज्यापुरती विक्री मंचावरून नोंदणीशिवाय करता येऊ लागली. परराज्यात माल धाडायचा असेल, तर मात्र नियम निराळे आहेत, आणि पहिली पेटी बांधण्यापूर्वी करसल्लागाराला विचारलेले बरे. नोंदणीकृत विक्रेत्याच्या विक्रीतून मंच जो कर कापून सरकारात भरतो, त्याचा दर जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. ही रक्कम बुडालेली नसते. विवरणपत्रात ती आपल्या खाती जमा दाखविता येते. कित्येक दुकानदार ती खर्चात धरून मोकळे होतात.

एका तक्रारीचा विचार करायलाच हवा. दुकानात येऊन दहा जोड घालून पाहायचे, छायाचित्र काढायचे आणि घरी जाऊन तीच वस्तू दुसरीकडून मागवायची, अशा ग्राहकांविषयी दुकानदारांत संताप असतो. तो समजण्याजोगा असला, तरी उपयोगाचा नाही. अशा ग्राहकाला टोमणा मारून बाहेर घालविण्यापेक्षा दुकानाचा क्रमांक असलेले कार्ड त्याच्या हाती द्यावे आणि सांगावे, 'घरून मागवलीत तरी आमच्याकडूनच येईल, आणि अंगठा तुटला तर शिवूनही मिळेल.' दुरुस्ती, माप बदलून देणे, ओळखीने बोलणे या गोष्टी दूरच्या गोदामाला जमत नाहीत; त्या शेजारच्या दुकानाला जमतात. दुपारी एक ते चार विश्रांती घेणारे दुकान ही मराठी मुलखाची प्रेमळ थट्टेची जुनी ओळख आहे. दुकानाच्या पुढच्या दाराला ती शोभते. पडद्यावरच्या दारावर मात्र कोणी दुपारी विचारलेल्या प्रश्नाला रात्रीपर्यंत तरी उत्तर मिळाले पाहिजे. नाहीतर तो प्रश्न दुसऱ्याच्या दारात जातो.

आणि एखादा मंच कितीही सोयीचा वाटला, तरी सारा व्यापार त्याच्या स्वाधीन करू नये. मंचावरचा ग्राहक मंचाचा असतो. दर वाढले किंवा खाते काही कारणाने थांबले, की एका रात्रीत तो दिसेनासा होतो. म्हणून ज्यांनी एकदा माल नेला आणि जे संमती देतील, त्यांची नावे, गावे आणि पायाची मापे स्वतःच्या वहीत असावीत. ग्वाल्हेर, हैदराबाद, बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावाकडची चप्पल मिळविणे एकेकाळी कोणी येण्याजाण्यावर अवलंबून होते. त्यांच्यासाठी हे दुसरे दार खऱ्या अर्थाने उघडले आहे. माप आधीच वहीत असलेल्या अशा ग्राहकाकडून चप्पल परत येण्याचे कारण क्वचितच उरते.

पावसाळ्यात कोल्हापुरी चपलेची विक्री मंदावते. भिजलेले कातडे कोणाला नको असते. अनेक दुकानांत हे महिने गल्ल्यावर बसून रस्ता पाहण्यात जातात. मापे घेणे, वर्णने लिहिणे, फळ्यांवरील जोड मोजून वहीशी ताळा जमविणे, ही सारी कामे याच दिवसांत उरकता येतात, आणि ऊन पडेल त्या सकाळी छायाचित्रेही. दसरा-दिवाळीची गर्दी दाराशी आल्यावर त्यांपैकी एकालाही वेळ मिळत नाही.