आंतरपिकाचा कैवार

एका वाफ्यात एकच पीक घ्यावे आणि मुख्य रोपांमधली जमीन स्वच्छ, मोकळी राखावी, असा उपदेश परसबाग लावणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी जाणता माणूस करीतच असतो. आणि वांग्याच्या दोन ओळींमध्ये कोणी मेथी पेरली, तर हा हावरेपणाने दोन्ही पिकांना मुकणार, असे भाकीतही त्या उपदेशाला सहसा जोडून दिलेले असते. हा उपदेश सद्हेतूने केला जातो हे मान्य करूनही तो मुळात चुकीचा आहे, आणि ज्यांच्यापाशी जमीन थोडी आहे त्यांच्या तर थेट नुकसानीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सावकाश वाढणाऱ्या पिकाच्या ओळींमध्ये, ते पीक अंगात येण्यापूर्वी, एखादे अल्पमुदतीचे पीक घेऊन मोकळे होणे ही हाव नव्हे. जमिनीचा हिशेब नीट ठेवण्याची ती रीत आहे.

पूर्वपक्षाचे म्हणणे आधी न्यायबुद्धीने मांडले पाहिजे. त्याच्या तक्रारी तीन आहेत. पहिली अशी की, जमिनीतले अन्न आणि पाणी मर्यादित असल्यामुळे मधले पीक मुख्य पिकाच्या तोंडचा घास काढून घेते व मुख्य पिकाचा उतारा घटतो. दुसरी अशी की, दाटीमुळे हवा खेळत नाही आणि कीड व रोग एका पिकावरून दुसऱ्यावर जातात. तिसरी अशी की, खुरपणी, भर देणे, पाणी देणे ही सारी कामे अडचणीची होऊन बागेतली शिस्त मोडते. यांपैकी एकही तक्रार निव्वळ काल्पनिक नाही, आणि म्हणूनच प्रत्येकीचा परामर्श स्वतंत्रपणे घेणे अवश्य आहे.

पहिल्या तक्रारीत एक गृहीत दडलेले आहे: मुख्य पीक लावणीच्या दिवसापासून वाफ्यातली सगळी जमीन वापरीत असते. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा वाफा घ्या. ७५ सेंटिमीटर अंतराने त्यात वांग्याची १६ रोपे बसतात. लावणीनंतर तीन आठवड्यांनी एका रोपाचा घेर फार तर वीतभर होतो. म्हणजे १६ रोपांनी मिळून झाकलेली जमीन वाफ्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही भरत नाही, आणि पहिली तोडणी व्हायला तर लावणीपासून दोन-सव्वादोन महिने जावे लागतात. या अवधीत मेथीची जुडी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर सुमारे ४० दिवसांत आणि 'पुसा चेतकी'सारखा लवकर येणारा मुळा ४० ते ४५ दिवसांत हाती लागतो. वांग्याची पाने एकमेकांना भिडू लागतात तोवर ही पिके स्वयंपाकघरात पोहोचलेली असतात, आणि रोपाची खरी भूक तर फुले व फळे धरू लागल्यावर वाढते. ज्या घासासाठी भांडण लावले जाते, तो घास त्या वेळी वांग्याच्या मुळांच्या आवाक्यातही नसतो.

शिवाय ती उरलेली नऊ दशांश जमीन खरोखर रिकामी राहते काय? निसर्ग जमीन पडीक ठेवीत नाही. आपण काही पेरले नाही तर तेथे लव्हाळा, हरळी आणि गाजरगवत पेरणीवाचून येतात, आपण दिलेले शेणखत खातात, आपण दिलेले पाणी पितात, आणि मोबदल्यात खुरपणीचे श्रम तेवढे आपल्या माथी मारतात. तेव्हा दोन ओळींमध्ये काही उगवावे की नाही, हा प्रश्न आपल्या हातातला नाहीच. काय उगवावे, एवढाच निर्णय आपल्या स्वाधीन आहे.

तरीही मधल्या पिकामुळे मुख्य पिकाचा उतारा थोडा घटला असे धरून चालू. पूर्वपक्ष ही घट मोजतो, परंतु मधल्या पिकाची जमा मात्र हिशेबात धरीत नाही. कृषिशास्त्राची योग्य रीत अशी आहे की, प्रत्येक पिकाचा मिश्र वाफ्यातला उतारा त्याच्या निर्भेळ उताऱ्याशी ताडून पाहावा आणि दोन्ही अपूर्णांकांची बेरीज करावी. समजा, निर्भेळ वाफ्यात वांगी दहा किलो निघतात आणि तेवढ्याच जागेत नुसता मुळा आठ किलो निघतो. मिश्र वाफ्यात मात्र वांगी नऊ किलो आणि मुळा चार किलो मिळाला. वांग्याचे ०.९ आणि मुळ्याचे ०.५ मिळून १.४ होतात, म्हणजे एवढाच माल निर्भेळ पद्धतीने काढावयाचा तर जवळजवळ दीडपट जमीन लागली असती. बेरीज एकाहून खाली आली, तर मी पूर्वपक्षाचा दावा कबूल करीन. परंतु दहाव्या हिश्शाची घट दाखवून सबंध पद्धतच मोडीत काढणे हा न्याय नव्हे.

कीड आणि रोग यांविषयीच्या तक्रारीत तथ्य आहे. पण ती तक्रार निवडीविरुद्ध आहे, पद्धतीविरुद्ध नाही. टोमॅटोत मिरची किंवा कोबीत मुळा घालणारा माणूस एकाच कुळातली पिके शेजारी बसवितो आणि एकाची कीड दुसऱ्याला आयती पुरवितो. तेथेही शहाणपणाने योजलेले सान्निध्य उपयोगी पडते: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेराव्यात, म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग मोहरीकडे ओढला जातो, ही शिफारस कृषितज्ज्ञांचीच आहे. शिस्तीविषयीची तक्रार तर पेरणीची रीत बदलली की निकालात निघते. मेथी फोकून न देता वरंब्याच्या कडेने सरळ ओळीत पेरली तर खुरपे चालायला अडचण पडत नाही. आणि मुळा उपटताना माती आपोआप भुसभुशीत होते, ती वेगळीच.

आता मंडनाकडे वळू. ही पद्धत कोणा हौशी माणसाची कल्पना नव्हे. कोरडवाहू कपाशीत मुगाची ओळ घालणारा आपला शेतकरी ६०-६५ दिवसांत मूग घरी आणतो आणि पुढचा सगळा हंगाम कपाशीला मोकळा करून देतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. त्याची पाने सरी झाकेपर्यंतच्या काळात भुईमूग किंवा भाजीपाला घेऊन बागाईतदार लागवडीचा बराच खर्च वसूल करतो. १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी इंग्लंडातून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात येथील फेरपालटीची आणि मिश्र पिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आपल्या पीकपाहणीच्या गाव नमुना बारामध्येही मिश्र पिकाखालील क्षेत्राला निर्भेळ पिकाहून वेगळा रकाना आहे; मिश्र पेरा ही लहर असती तर महसूल दप्तराने त्याची अशी दखल घेतली नसती.

परंतु कैवार घेणाऱ्यांनीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतले नत्र बांधतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ साली प्रस्थापित केले. पण एवढ्यावरून महिनाभरात मुळासकट उपटलेली मेथी शेजारच्या वांग्याला नत्र पुरविते असे सांगणे खरे नव्हे. मधल्या पिकाचे खत आणि पाणी त्याच्या वाट्याचे वेगळे द्यावेच लागते. तसेच प्रत्येक जोडी जमतेच असेही नाही. हळदीचा कोंब वर यायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून तिच्यात कोथिंबीर किंवा श्रावणघेवडा शोभतो. मका मात्र उंचीने सावली करतो आणि अन्नालाही तितकाच खादाड असतो, म्हणून तो हळदीत वर्ज्यच समजावा.

सर्वांत महत्त्वाची अट मुदतीची आहे. मधले पीक हे ठरावीक मुदतीने जमीन कसणाऱ्या कुळासारखे आहे: खंड चुकता करून ठरल्या दिवशी ते निघून गेले तर मालकाचे भले, आणि मुदत संपूनही ते बसून राहिले तर कज्जा ठरलेला. मुळा आणखी थोडा पोसेल, कोथिंबिरीला धने येतील, अशा मोहाने जो काढणी लांबवितो, त्याच्याच वाफ्यात पूर्वपक्षाची भाकिते खरी ठरतात, आणि त्या एका वाफ्याचा दाखला देऊन पद्धतीला दोष दिला जातो.

यंत्राने पेरणी आणि यंत्राने कापणी करणाऱ्या विस्तीर्ण शेताला निर्भेळ पीक सोयीचे असेल, ते मी नाकारीत नाही. परंतु घरामागचे दोन गुंठे, चाळीची मोकळी जागा किंवा शाळेची परसबाग येथे सारे काम हातांनीच होते, आणि तेथे मोठ्या शेताचा नियम लागू करण्याचे काहीच कारण नाही. अशा ठिकाणी जमिनीचे मोजमाप लांबीरुंदीइतकेच दिवसांनीही झाले पाहिजे. कारण लांबीरुंदी वाढविणे कोणाच्याच हाती नाही, पण मुख्य पीक अंगात येईपर्यंतचे सहा आठवडे मात्र प्रत्येक हंगामात नव्याने मिळतात, आणि ते वाया घालविण्याइतकी श्रीमंती लहान बागेला परवडणारी नाही.