शिल्लक लोंकर

शाळेच्या शिवणवर्गाचें कपाट आम्हीं उघडलें, तों तळच्या लोंकरीस कसर लागलेली! ‘पुढें लागेल’ म्हणून ती आम्हींच तीन हिवाळे राखून ठेविली होती. आणि त्याच हिवाळ्यांत लहान मुलें प्रार्थनेस कुडकुडत येत होतीं. कसरीच्या अळीचें अन्नच लोंकर. काळोखांत पडून राहिलेले गुंडे तिला आयतेच सांपडतात.

आमचें मत असें कीं, जें सामान दोन हिवाळे हातीं घेतलें नाहीं, तें तिसऱ्यापूर्वीं, धड असतांनाच, विणणाऱ्याच्या हातीं द्यावें. निकामी झाल्यावर देणें हें दान नव्हे. यापो येथील दुर्कस वारली, तेव्हां विधवांनीं रडत रडत दाखविले ते तिनें केलेले अंगरखे. न वापरलेल्या कापडाचें गाठोडें नव्हे. मुलांनो, या सुट्टींत आईबरोबर घरचें कपाट उघडून पाहा.