हुबेहूबपणाचे वेड

उंची ग्रामोफोन बाळगणाऱ्या मंडळींचा एक लाडका शब्द आहे: ‘हुबेहूब’. सिंफनीची तबकडी लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘साक्षात वाद्यवृंद समोर बसलाय!’ बारा बाय दहाच्या खोलीत शंभर वादक खरोखरच येऊन बसले, तर यजमान पहिल्याच झांजेला जिना उतरेल, हे त्यांना कोणी सांगावे?

कादंबरी लिहिणाऱ्याला या शब्दाची धास्ती असते. ‘चाळ अगदी हुबेहूब उतरली आहे’ असे म्हणणाऱ्या वाचकाने पुष्कळदा चाळ पाहिलेली नसते. आधीच्या कादंबरीतली चाळ पाहिलेली असते. नादाचेही तसेच. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका, शेजारी यंत्र. दिवे मालवायचे आणि कोण गाते ते ओळखा म्हणायचे. लोकांना म्हणे ओळखता येईना! खुबी अशी की, गायिकांनीच आपला आवाज यंत्राला जुळेल असा बेतला होता. अस्सलाने नकलेची नक्कल केली, आणि टाळ्या पडल्या नकलेला.

मग वाद्यवृंद खरा वाटतो तो कशाने? माझ्या मते वाद्यांनी नव्हे, सभागृहाने. १९५१ साली मर्क्युरी कंपनीने शिकागोत राफाएल कुबेलिकच्या संचालनाखाली मुसोर्गस्कीचे ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ अवघा एक मायक्रोफोन टांगून मुद्रित केले. डावे-उजवे त्यात काही नाही. तरी त्यात खोली आहे. कारण मागचे वाद्य मागेच राहते, आणि भिंतींवरून परतणारा नाद आपल्या वेळेला येतो. पुढे डेक्काच्या तंत्रज्ञांनी संचालकाच्या डोक्यावर तीन मायक्रोफोनांचे झाड उभारले, तेही याच जातीचे. उलट प्रत्येक वाद्याच्या तोंडाशी मायक्रोफोन नेला की सारेच ठळक होते. ओबोवाल्याचा श्वासदेखील ऐकू येतो आणि आमचे हौशी मित्र खूष! अहो, पण ओबोवाल्याच्या मांडीवर बसून सिंफनी ऐकते कोण? यात नासतो तो ऐकणाऱ्याचा कान. तो संगीत सोडून पुरावे गोळा करू लागतो.

लंडनच्या किंग्सवे हॉलमधल्या काही मुद्रणांत खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर उतरली आहे. १९९८ मध्ये तो हॉल पाडला गेला. ती घरघर मात्र तबकडीत राहिली आणि तिच्याबरोबर ती जागाही. मला ती धुतल्या-पुसल्या स्वच्छतेहून प्यारी आहे.

जॉन कलशॉने तर हुबेहूबपणाचे सोंगच आणले नाही. १९५८ साली व्हिएन्नात, सॉल्टीच्या संचालनाखाली ‘दास राइनगोल्ड’ मुद्रित करताना वाग्नरने स्वरलिपीत मागितलेल्या अठरा ऐरणी त्याने खरोखर आणवल्या आणि ठोकवल्या. नाट्यगृहे सहसा थोडक्यात भागवतात. म्हणजे नाट्यगृहात न मिळणारी गोष्ट तबकडीवर मिळाली! ही नक्कल प्रत्यक्षाची नव्हे; वाग्नरच्या मनातल्या नादाची. आणि गंमत पाहा, हुबेहूबवाल्यांनी नेमकी हीच तबकडी डोक्यावर घेतली आहे. तिच्यात नेमके कशाशी काय हुबेहूब आहे, ते त्यांनी एकदा मला समजावून द्यावे.